रफिक, गळती तीस मीटर अलीकडे होती

रफिक, तू चुकलास. आधी चूक सांगायची आणि मग बाकीचं, हा आपल्यातला नियम होता, म्हणून सुरुवात इथूनच करतो. तू समोर असतास तर हे तुझ्या तोंडावर बोललो असतो, तूही माझ्या आईबापांचा उद्धार केला असतास, आणि मग दोघं चहाला गेलो असतो. तू ती सोय ठेवली नाहीस. मला ते भर शोकसभेत, माईक हातात धरून, तुझ्या बायकोसमोर सांगावं लागलं. तेव्हापासून गावातले निम्मे लोक मला बघून तोंड फिरवतात.

मरणसुद्धा तू असं आणलंस की सांगताना माणसाला हसू यावं. भोकरदनच्या बसस्टँडमागचं सलून, खुर्चीत तू, गालभर फेस, एका बाजूची दाढी झालेली. सलूनवाल्याला वाटलं तुला डुलकी लागली. त्यानं हलकेच तुझी मान वळवली, उरलेली बाजूही करून टाकली, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला आणि म्हणाला, "उठा रफिकभाई, झालं." डॉक्टर म्हणाले, हृदय मघाशीच बंद पडलं होतं. सलूनवाला हे मला रडत रडत सांगत होता आणि मला हसू आवरेना. त्याला फार राग आला. पण दुसऱ्याचं काम पूर्ण होईपर्यंत तू गप्प बसलास असं आयुष्यात एकदाच घडलं, आणि तेही मला बघायला मिळालं नाही.

कब्रस्तानातून परतताना लोक बोलत होते. काय दिलदार माणूस, कधी कुणाला दुखवलं नाही, जिभेवर साखर. मी बोलणाऱ्यांकडे नीट पाहिलं. त्यातल्या एकाला तू भर बाजारात म्हणाला होतास की तुझ्या डोक्यात भुसा आहे आणि तोही भिजलेला. मेलेल्या माणसाला लोक इतकं धुऊन काढतात की तो ओळखू येत नाही. मला तू तसा नको आहेस. तू भांडकुदळ होतास, घाईचा होतास, चारचौघांत माणसाचा पाणउतारा करण्यात तुला मजा यायची. आणि एवढी वर्षं मी तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर काम केलं नाही.

भोकरदनच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. मी केदारखेड्याच्या पुढच्या खेड्यातून एसटीनं यायचो. तू शाळेमागच्या गल्लीतून चालत यायचास आणि तरी रोज माझ्यानंतर पोचायचास. घरी उर्दू, वर्गात मराठी, शिव्या दोन्ही भाषांत. डिप्लोमा झाल्यावर दोघंही फोनच्या केबल जोडायच्या कामाला लागलो. रस्त्याकडेला कुठे जेसीबीनं फायबर तोडली की आपली व्हॅन निघायची. केसाएवढी काचेची तार, तिची दोन टोकं समोरासमोर धरून वितळवून जोडायची. पहिल्या दिवशी माझे हात कापत होते. तू साहेबासमोर म्हणालास, "काय थरथरून राह्यला रे भास्कर? फायबरचं लगीन लावायचंय, तुझं न्हाई." सगळे हसले. संध्याकाळी तू मला व्हॅनच्या मागे नेऊन, टाकाऊ तुकडे घेऊन, हात स्थिर होईपर्यंत जोडायला लावलंस. ते मात्र कुणाला दिसू दिलं नाहीस.

मग कुठूनतरी तुला कळलं की हीच काचेची तार नुसता फोन पोचवत नाही, तिला जाणवतंही. एका टोकातून उजेड सोडायचा. त्यातला कणभर वाटेत विखरून माघारी येतो, आणि त्या माघारी आलेल्या उजेडावरून तार कुठे तापली, कुठे ताणली गेली, कुठे हादरली हे काढता येतं. तुझं जेवणखाण सुटलं. तू नोकरी सोडलीस, मलाही सोडायला लावलीस. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं.

भांडण सोपं होतं. मी ठिपक्यांचा माणूस. माझ्या पद्धतीत तारेवर ठरावीक जागी बारीक रेघा कोरलेल्या असतात. तिथे ताण आला की माघारी येणाऱ्या उजेडाचा रंग किंचित सरकतो. जिथे ठिपका आहे तिथलं अगदी अचूक आणि लगेच कळतं, दोन ठिपक्यांच्या मधलं काहीच कळत नाही. तू अख्ख्या तारेचा माणूस. तुझ्या पद्धतीत तारेवर काही कोरायचं नसतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी तारच जागी असते. पण ती सावकाश सांगते, मीटरभराची सरासरी सांगते, आणि कधी कधी एकाचं दुसरंच सांगते.

"तुझ्या ठिपक्यांचं कसंय," तू म्हणायचास, "धा दारांवर धा वाचमन बसवले, अन् चोर अकराव्या दारानं आल्ता."

"अन् तुझा वाचमन अख्ख्या भिंतीवर झोपलाय. कुत्रं आलं तरी चोर चोर करतो."

"वरडतो तर खरं. तुझा तर बोलतच न्हाई."

हे आपण जेवताना बोललो, गाडीत बोललो, माझ्या लग्नात स्टेजवर बोललो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना बोललो आणि गिऱ्हाईक उठून गेलं. दोन्हींची आपापली जागा असते, हे आपल्याला माहीत नव्हतं असं नाही. पुलाच्या एका सांध्यावर लक्ष ठेवायचं तर ठिपका बरा. मैलभर लांब गोष्टीवर ठेवायचं तर तार बरी. पण तसं म्हणून मोकळं होणं म्हणजे हार मानणं, आणि ती आपल्यापैकी कुणालाच परवडत नव्हती.

जालन्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात तू क्रेनच्या गर्डरवर ताण सांगणारी केबल चिकटवलीस. त्या जातीच्या केबलची खोड तुला पाठ होती. ताण आला तरी आकडा सरकतो, ऊन लागलं तरी सरकतो, आणि नुसता आकडा बघून कशानं सरकला ते कळत नाही. म्हणून शेजारी एक सैल तार ठेवायची असते. ती ताणली जात नाही, फक्त गरमी सांगते, मग एकीतून दुसरी वजा करायची. सैल तार उद्या टाकू, म्हणालास. दुपारी वरचे पत्रे तापले, आकडा चढला, आणि तू "गर्डर चालला, बाहेर व्हा" म्हणून ओरडत सगळी शेड रिकामी केलीस. गर्डरला काहीही झालं नव्हतं. उन्हात उभ्या कामगारांसमोर मी पोट धरून हसलो. म्हणालो, "ह्याला पाठीवर ऊन लागलं तरी भूकंप वाटतो." तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. तुझं तोंड असं उतरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

फेड तू लवकरच केलीस. माझा डावा पाय लहानपणापासून आखूड. हायवेकडेच्या केबलला तू हादरे पकडणारी पेटी जोडलीस, ज्या पेटीला आपण ऐकणारी पेटी म्हणायचो. पडद्यावर ट्रक म्हणजे जाड पट्टा, चालणारा माणूस म्हणजे बारक्या ठिणग्यांची तिरकी रांग. मी लांबून चालत येत होतो. तू पडदा सगळ्यांकडे वळवलास. "पाहा, एक पाय मोठा वाजतो, एक बारका. आला आपला लंगडा." पाहुण्या इंजिनिअरांना हसावं की नाही ते कळेना. मला तुझा गळा धरावासा वाटला. पण रफिक, माझ्या पायाबद्दल तोंडावर बोलणारा तू एकटा होतास. बाकीचे बघतात आणि नजर वळवतात. तुझ्यासोबत चालताना मी कधी पाय लपवला नाही, आणि आता या वयात ते पुन्हा शिकायला लागलोय.

लंगडा म्हणायचास आणि मोगरी घेऊन चालायला मलाच पाठवायचास. केबल जमिनीत गाडली की पेटी दाखवते तो आकडा तारेच्या लांबीतला असतो, जमिनीवरचा नाही. तार कुठे वळलेली असते, कुठे खड्ड्यात वेटोळं करून ठेवलेली असते. म्हणून एकानं वरून लाकडी मोगरीनं जमीन ठोकत जायचं, आणि दुसऱ्यानं ऐकणाऱ्या पेटीसमोर बसून फोनवर सांगायचं की हा ठोका तारेवर अमुक मीटरला दिसला. मग जमीन आणि तार यांचा मेळ बसतो. तू सावलीत, मी उन्हात. "न्हाई दिसला. अजून मार." मी मारायचो. "जोरात मार ना, काही खाऊन आल्ता का न्हाई?" घामाघूम होऊन मी पेटीजवळ यावं तर पहिलाच ठोका पडद्यावर लख्ख दिसत असायचा आणि तू तोंडात रुमाल कोंबून हसत असायचास. एवढा छळ करून तू जागा मात्र बिनचूक काढायचास. मोगरी मारल्याशिवाय जागा सांगायची नाही, हे मला तूच शिकवलंस.

आता त्या तलावाचं.

माझ्या गावच्या तलावाचा मातीचा बांध दुरुस्त व्हायला निघाला तेव्हा पायथ्याशी काहीतरी सेन्सर घाला, असं गावानं ठरवलं. बांधाच्या खाली शाळा आहे, शाळेच्या खाली वस्ती. मी म्हणालो, मोक्याच्या जागा निवडू आणि ठिपके घालू. तू ग्रामसभेत उभा राहिलास. "भास्करराव तुमच्या गावचे, हुशार माणूस. पर पानी काय त्यांना इचारून फुटणार हाय का, कुठं फुटू म्हणून?" अख्खी सभा हसली. माझ्याच गावात, माझ्या चुलत्यांसमोर. केबल तुझीच पडली. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चरात घालताना पाणी सोडायच्या दाराजवळच्या चेंबरमध्ये तू नेहमीप्रमाणे जास्तीच्या तारेचं वेटोळं करून ठेवलंस. केबल कापायची म्हटलं की तुझ्या जिवावर यायचं. "लूप सोड, पुढं कामाला येतो." तीस मीटरचा लूप, पिवळ्या टेपनं बांधलेला.

यंदा तलाव पहिल्यांदा काठोकाठ भरला. दिवाळीनंतर बांधाचा पायथा ओला दिसायला लागला, एका जागी नाही, चांगला लांबवर. पाणी स्वच्छ पाझरत होतं तोवर कुणी घाबरलं नाही, बांध थोडा पाझरतोच. मग ते गढूळ यायला लागलं. गढूळ म्हणजे पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडतंय. शाळा बंद झाली, वस्तीतले लोक पोरंबाळं घेऊन नातेवाइकांकडे गेले, आणि सरपंचानं तुला बोलावलं. मी तेव्हा शहागडकडे एका पुलावर ठिपके लावत होतो.

तू केबलमध्ये काचेच्या तारेशेजारी असलेल्या तांब्याच्या तारेतून वीज सोडलीस. केबल तापते, पण जिथे शेजारून पाणी वाहतं तिथे ती तापत नाही. पडद्यावर सगळी रेघ वर चढते आणि गळतीच्या जागी खाली राहते. ती रेघ मी नंतर पाहिली, रफिक. एकच खाच, स्वच्छ, कडा सुरीनं कापल्यासारख्या. तुझ्या एवढ्या वर्षांच्या कामात याहून चांगली रेघ मी पाहिलेली नाही. बघताना मला तुझा हेवा वाटला, आणि हेवा करायला तू नाहीस हे त्यानंतर आठवलं.

पण खाच तारेवर दिसते. जमिनीवर ती कुठे, हे शोधायला मोगरी हवी. त्यासाठी तू फोन केलास.

"ये ना तू. पाणी गढूळ येऊन राह्यलं."

"आज निघता येत न्हाई. पुलावरची रहदारी थांबवलीय माझ्यासाठी. दोन दिवसांनी येतो."

"दोन दिवसांत बांध बसला म्हंजे?"

"मंग दुसऱ्या कुणाला मोगरी दे."

"ऐकणारी पेटी कुठंय? ती पुण्याहून यायचीय अजून. मी टेपनं मोजून घेतो."

"टेपनं मोजू नको रफिक."

"मला शिकवतो? तू बस तिथं पुलावर ठिपक्यांची पूजा करत. गाव वाहून गेलं की ये, मंग लाव."

फोन ठेवलास. आपलं शेवटचं बोलणं हे एवढंच.

पेटीच्या टोकापासून तू टेप लावून मोजलंस, चुन्यानं फुली मारलीस, आणि वाटेतला लूप वजा करायला विसरलास. गढूळ पाणी, डोक्यावर सगळं गाव उभं, सरपंच दर पाच मिनिटांनी "सापडलं का" विचारणारा. त्यात छातीत दुखत असेल तर तेही तू कुणाला सांगितलं नसशील. घाईत होतास हे मला कळतं. पण ज्या माणसानं मला उन्हात हजार ठोके मारायला लावले, त्याला स्वतःच्याच हातानं बांधलेली पिवळी टेप आठवू नये, याचा मला अजून राग येतो. खरी जागा तुझ्या फुलीच्या तीस मीटर अलीकडे होती, दाराच्या बाजूला.

तुझ्या फुलीवर मशीन लागलं. भोकं पाडून सिमेंटचा घोळ दाबून भरला. त्याच दिवसांत तलावाची पातळी थोडी उतरवली होती, त्यामुळे पाणी कमी झालं. गावाला वाटलं काम फत्ते. शाळा भरली, वस्तीतले लोक गाठोडी घेऊन परत आले. तुझ्या गळ्यात हार पडला, दुसऱ्या दिवशी तू सलूनमध्ये गेलास, आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे.

गावानं तुला लगेच डोक्यावर घेतलं. आमच्यासाठी जीव दिला, म्हणायला लागले. शोकसभा ठरली, ती शाळेच्या पटांगणात, म्हणजे बरोबर बांधाखाली. तुझ्या नावाचा फलक रंगवून तयार झाला. तुझा फोटो मोठा करून आणला, त्यात तू हसतोयस, आणि जिवंतपणी तू कुणाच्या भल्यासाठी हसलास असं मला आठवत नाही.

सभेच्या दिवशी सकाळी पुण्याची पेटी आली, भाड्यानं आणलेली, परत करायची होती. म्हटलं आलीच आहे तर वापरून बघू. मी बांधावर गेलो. पायथ्याशी पुन्हा गढूळ पाणी होतं, आधीपेक्षा जास्त, आणि तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. सगळे मंडप घालण्यात गुंतलेले. मी सरपंचाला बोलावून त्याच्या हातात मोगरी दिली. तू असतास तर पोट धरून हसला असतास. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला तो गृहस्थ तुझ्या फुलीवर ठोके मारत होता आणि मी पेटीसमोर बसलो होतो. ठोका खाचेच्या तीस मीटर पुढे उमटला. त्याला मागे मागे आणत गेलो. चेंबरच्या बाजूला सरकत सरकत एका जागी ठोका आणि खाच एकमेकांवर बसले.

"मंग तिकडं काय भरलं आपण?" सरपंचानं विचारलं.

"चांगला बांध भरला. तिथं काही नव्हतंच."

"म्हंजे रफिकभाई..."

"चुकला."

त्यानं मोगरी खाली ठेवली. "आठवडा न्हाई झाला हो त्यांना जाऊन. असं बोलून राह्यले तुम्ही?" मग जवळ येऊन म्हणाला, "सभा होऊ द्या. फलक लागू द्या. त्यांच्या घरचे येऊन राह्यले. संध्याकाळी मशीन गुपचूप सरकवू."

मी बांधावरून खाली पाहिलं. वर्ग भरले होते. पोरं खिडकीतून मंडप बघत होती. संध्याकाळपर्यंत बांध टिकला असता कदाचित. कदाचित म्हणून कुणी शाळा भरवतं का, हे तूच मला विचारलं असतंस, आणि त्यापुढे एक शिवी दिली असतीस.

शबाना भाभी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी त्यांचा भाऊ. तीन जण तुझ्याबद्दल गोड बोलून झाले. चौथं नाव माझं पुकारलं, रफिकभाईंचे बालमित्र म्हणून. मी माईक हातात घेतला. आधी चूक, मग बाकीचं. मी म्हणालो, "रफिकनं दाखवलेली जागा चुकली आहे. गळती बंद झालेली नाही, पाणी पुन्हा गढूळ आलंय. आत्ता लगेच शाळा रिकामी करा, वस्तीतल्या लोकांनी घरं सोडा."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग खुर्च्या पडल्या. बाया वर्गांकडे धावल्या. मी पुढचं बोलत होतो. म्हणत होतो की गळती नेमकी कुठे आहे हे रफिकच्याच केबलनं पकडलं, तिथे माझे ठिपके घातले असते तर त्या जागी एकही आला नसता आणि आपल्याला जागा कळलीच नसती. हे सगळं मी शब्दशः म्हणालो. पण कुणाच्या तरी पायात अडकून माईकची वायर निघाली होती आणि मी बंद माईकवर बोलत होतो. समोर नुसत्या पाठी होत्या. शबाना भाभींना त्यांचा भाऊ दंडाला धरून बाहेर नेत होता. त्यांच्या कानावर पडलं ते एवढंच, की त्यांचा नवरा चुकला.

मशीन दुपारीच सरकलं. नव्या जागी पहिलं भोक पाडलं तेव्हा आतली माती चिखलासारखी बाहेर आली आणि सिमेंटचा घोळ भसाभसा आत जायला लागला. हळूहळू पाणी कमी झालं, मग स्वच्छ झालं. लोक परत आले. शाळा भरली. आता लोक म्हणतात भास्करनं गाव वाचवलं, आणि म्हणतानाही माझ्याकडे बघत नाहीत. तुझा फलक ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत भिंतीला तोंड करून उभा आहे. सरपंच परवा पेंटरला विचारत होता, त्यावर दुसरं काही रंगवता येईल का म्हणून. चुकलेल्या माणसाचा फलक कुठे लावायचा, हा त्याचा प्रश्न. मी ऐकून घरी आलो.

काल तुझ्या घरी गेलो. तुझ्या पेट्या माझ्याकडे होत्या, त्या पोचवायच्या होत्या. भाभींनी चहा दिला, नेहमीसारखा, जास्त साखरेचा. माझ्याशी त्या नीट बोलल्या, रडल्या नाहीत, आणि तेच जास्त जड गेलं. मग त्यांनी विचारलं, "भास्करभाई, तीस मीटर म्हंजे किती असतं?"

मी दाराबाहेर हात केला. "हितून त्या समोरच्या नळापर्यंत."

त्यांनी वाकून नळाकडे पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"तुम्ही बराबर केलं," त्या म्हणाल्या. "लेकरं होती शाळेत. ते मला कळतं. पर एकच बोलले तुम्ही त्यांच्याबद्दल. चुकला म्हणून."

मी त्यांना माईकचं सांगितलं. वायर निघाली होती, मी पुढेही बोललो होतो, केबल रफिकचीच होती, तिच्यामुळेच जागा कळली, हे सगळं बोललो होतो. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंग पुन्हा का न्हाई सांगितलं? पाणी बंद झाल्यावर? इतके दिस झाले."

रफिक, मी कप खाली ठेवला. म्हणालो, "सांगेन."

"कुणाला?" त्या म्हणाल्या. "सभा तर होऊन गेली." मग त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या.

घरी येऊन हे लिहायला बसलो. भाभींना काय सांगायचं होतं मी? की तुझी तार बरोबर होती असं शुद्धीवर असताना, शांतपणे, सगळ्यांसमोर म्हणणं म्हणजे एवढ्या वर्षांचं भांडण तुला देऊन टाकणं? बंद माईकवर म्हणता आलं, कारण तेव्हा धावपळ होती आणि तोंडातून निघून गेलं. पाणी बंद झाल्यावर मात्र जीभ जड झाली. तुझ्या कबरीवरची माती अजून ओली आहे आणि आत्तापर्यंत मी तुला एक गुण जास्त द्यायला तयार नव्हतो, असा तुझा बालमित्र.

तर ऐक. त्या बांधाला ठिपके घातले असते तर शाळा गेली असती. मोक्याच्या म्हणून मी ज्या जागा निवडल्या होत्या, त्या कागद काढून पुन्हा तपासल्या, आणि गळतीच्या जवळपासही त्यातली एक नव्हती. पाण्यानं मला विचारलं नाही. तू तीस मीटर चुकलास, मी अख्खा बांध चुकलो असतो. अख्खी तारच बरोबर होती, रफिक. तू जिंकलास. ऐकायला तू असतास, तर मी हे म्हणालो नसतो.